रिकाम्या दिसणाऱ्या बाटल्या न धुण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
सागर संशोधन संस्था

विषय : शीतगृहातील नमुन्यांच्या बाटल्या धुऊन पुन्हा वापरात न घेण्याबाबत.
संदर्भ : आपले मागील महिन्याचे पत्र, ज्याला मी उत्तर दिले नाही.

महोदय,

१. आपण पत्रात जुन्या बाटल्यांविषयी माझे म्हणणे विचारले होते. मुदतीत उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजू, असेही कळवले होते. पत्र आले त्याच दिवशी मी मसुदा केला आणि फाडला. निवृत्त माणसाने किती बोलावे, ते ठरेना. मुलगी म्हणाली, "बाबा, हो की नाही एवढंच विचारलंय त्यांनी. प्रबंध नका लिहू." मला तेवढे थोडक्यात जमत नाही. मुदत टळली. हरकत आहे.

२. हे आपणांस ठाऊक असल्यास क्षमस्व. ध्रुवाजवळच्या समुद्रात आम्ही खोलवर नरसाळी टांगून ठेवत असू. वरून गळणारे कण त्यातून खालच्या बाटलीत साचत. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरते. बर्फ वितळू लागला की ते गुठळ्या होऊन भराभर तळाशी जाते. तळाच्या जिवांचे पोट त्यावर चालते, आणि हवेतला थोडा कार्बनही त्यासोबत खाली जातो.

३. पुढे बर्फ उशिरा धरू लागला, लवकर जाऊ लागला. उघड्या पाण्यात वाढते ते शेवाळ बारीक. वरच्या वर खाल्ले जाते, विरते, खाली पोचत नाही. आमच्या बाटल्यांतला तपकिरी थर पातळ होत गेला आणि शेवटी नुसते पाणी येऊ लागले. काही समुद्रांत उलट जास्त कण उतरतात असेही वाचले आहे. ते खरे असेल. मी फक्त आमच्या जागेपुरते सांगतो, आणि तेही भीत भीत.

४. बाटलीत काही पडो न पडो, ती जपायची, असा आमच्या विभागाचा शिरस्ता होता. पाण्याच्या बाटल्यांच्या चिठ्ठीवर मी 'काही नाही' असे लिहीत असे. आपल्या माणसांनी ते वाचून त्या रिकाम्यांत घातल्या. त्यांना दोष देता येत नाही, माझे अक्षर सुवाच्य आहे.

५. परवा मी रात्रीच्या गाडीने येऊन भांडारात आलो होतो. भांडारपालांनी खुर्ची दिली. एक बाटली उजेडात धरून म्हणाले, "काका, पाणीच आहे की यात! गाळाच्या ठेवतोय ना आम्ही." मी म्हणालो, हे पाणीच जपायला हवे. ते म्हणाले, "मग तसं लेखी द्यायचं होतं. मागितलं होतं की तुमच्याकडे." मी निघायला उठलो. दाराशी हौदात पहिला क्रेट भिजत होता. चिठ्ठ्या सुटून वर तरंगत होत्या.

६. विनंती अशी की, उरलेल्या बाटल्या धुऊ नयेत. जागेची अडचण असल्यास त्या माझ्या घरी पाठवाव्यात. फ्रिजचा खालचा कप्पा मुलगी मोकळा करून देते. भाजी बाहेर राहील म्हणते. आणि धुण्याचे ठरलेच असेल, तर कृपया गाळाच्या बाटल्याही धुवाव्यात. हे मी रागाने लिहीत नाही. नुसत्या भरलेल्या बाटल्या उरल्या, तर पुढे कोणी पाहील त्याला वाटेल की त्या समुद्रात शेवटपर्यंत सगळे ठीक होते.

तसदीबद्दल दिलगीर आहे.

आपला नम्र,
(सही)
निवृत्त संशोधक
दिनांक : ३ मार्च

सोबत :
१. गाळणकागद, तपकिरी. सुरुवातीच्या एका बाटलीतले पाणी यातून गाळले होते.
२. गाळणकागद, पांढरा. वापरलेला आहे, कृपया कोरा समजू नये.

ता. क. : लिफाफा चिकटवण्याआधी भांडारपालांना फोन केला. दुसरा क्रेट भिजत घातला आहे. "अर्ज हातात पडला की लगेच थांबवतो, काका," म्हणाले. आता टपाल कार्यालयात उभा आहे. जलद टपालाने पाठवतो आहे. उद्या पोचेल का, असे विचारले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे, आजोबा." एवढे लिहून लिफाफा त्यांच्या हाती देत आहे.