लॅसिक, पीआरके, स्माइल आणि मी

३ मार्च. सकाळी ६.१०
ठरलं. चष्मा जाणार. पॅराशूट कोर्सची यादी २८ला बंद होते आणि चष्मा लावून विमानातून उडी मारलेला जवान मी तरी पाहिलेला नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या सिग्नलवाल्याने गेल्याच महिन्यात लेसर करून घेतलं. त्याचं नाव यादीत आहे. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. बायको म्हणाली, चष्मा गेल्यापासून भावजी किती तरुण दिसतात. त्याचाही इथे संबंध नाही.

५ मार्च
युनिटचा हेड क्लार्क आहे मी, न वाचता सही करत नाही. तक्ता आखला.
लॅसिक: बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर. दोन-तीन दिवसांत नजर साफ. पण डोळ्याला मार बसला तर पापुद्रा सरकू शकतो.
पीआरके: पापुद्र्याची भानगड नाही, म्हणून फौजी लोकांना हेच सुचवतात. पण सुरुवातीला डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं आणि नजर बसायला वेळ लागतो.
स्माइल: बारीकशी चीर. नाव फार लाडिक.
सिग्नलवाल्याने पीआरके केलं. म्हणजे पीआरके बाद.

९ मार्च
सिग्नलवाला परेडला काळा गॉगल लावून आला. उन्हात अजून डोळ्यांतून पाणी येतं म्हणे. फार वाईट वाटलं. चार जणांना मुद्दाम जाऊन सांगितलं की मला वाईट वाटलं.

१४ मार्च. संध्याकाळी
फायरिंग. चष्म्यावर घाम. माझ्या टार्गेटवर तीन भोकं, शेजारी सिग्नलवाल्याच्या टार्गेटवर सात. प्रत्येकाला गोळ्या पाचच. तरी कौतुक त्याचंच झालं. माझ्या दोन गोळ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

१९ मार्च
तक्ता आता तेवीस रकान्यांचा. सिग्नलवाला घरी आला. म्हणाला, डॉक्टर ओळखीचे आहेत, रविवारी गाडी काढतो, सोबत येतो. नको म्हटलं. ह्याचे उपकार घेण्यापेक्षा आंधळा बरा. तो गेल्यावर बायको म्हणाली, तक्ता लावून चष्मा जात नाही. तिला कामाची पद्धत कळत नाही.

२७ मार्च
लॅसिक की स्माइल, एवढंच उरलंय. डोळे कोरडे पडण्याचा रकाना अर्धवट आहे. अर्धवट कागद पुढे पाठवणं माझ्या स्वभावात नाही.

३० मार्च. दुपारी २.३०
तक्ता पूर्ण. कॅप्टन मॅडमकडे घेऊन गेलो, ऑपरेशनसाठी रजा मागितली. कोर्सची यादी दोन दिवस उशिरा घ्या, अशी विनंतीही केली. मॅडमनी नंबर विचारला. अडीच म्हटलं. त्या म्हणाल्या, आपल्या कोर्सला तीनपर्यंत चष्मा चालतो, मागून पट्टा बांधतात. सिग्नलवाल्याचा नंबर पाच होता, त्याला लेसरशिवाय गत्यंतर नव्हतं. तुम्ही नाव का दिलं नाही? मी म्हटलं, तुलना चालली होती. तक्ता सुबक झालाय म्हणाल्या.
मग म्हणाल्या, २८ला संध्याकाळी सिग्नलवाला येऊन बसला होता. हेड क्लार्कसाहेब येतीलच, तोवर यादी पाठवू नका म्हणत होता. मॅडमनी तासभर वाट पाहिली, मग यादी पाठवली.

३० मार्च. संध्याकाळी ५
वरून मंजूर होऊन आलेली यादी नोटीस बोर्डसाठी टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. अकरा नावं, त्याचं चौथं. दोनदा तपासलं, चूक नाही.
मी जळतो त्याच्यावर. पहिल्या दिवसापासून जळतोय. आणि माणूस चांगला आहे, हे सगळ्यात वाईट.