गुरुवारी तापणारे प्रेस

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. हे कुणापुढं बोलता येत नाही, कारण तुमचं नाव निघालं की आपल्या रबर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली जुनी माणसं आवाज खाली आणतात. परवा गुलमंडीत मामा भेटले. सगळा कारखाना ज्यांना मामा म्हणायचा ते, बिडकीनचे; साच्यातलं रबर तापवून दाबणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर काम करायचे. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत, पिशवी डाव्या हातात होती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच तुमचा विषय काढला. म्हणाले, "साहेब लई मोठा माणूस, मॅडम. चूक माझी व्हती, तरी मला दवाखान्यात बघायला आले." मी मान हलवली. चूक त्यांची नव्हती, सर. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तरीही हा माणूस इतकी वर्षं स्वतःला दोष देत जगतोय.

प्रेसच्या तापमानाचे तक्ते संगणकावर मांडायला मला शिकवलंत तुम्हीच, तेही छावणीतल्या तुमच्या घरी, स्वयंपाकघरात. मी नवी होते, तक्त्यांची ती भाषा मला काही केल्या कळत नव्हती. तुम्ही काकूंच्या वाट्या ओट्यावर मांडल्यात, तीन आडव्या ओळी, प्रत्येकीत चार वाट्या. मग मीठ, साखर, हळद, तिखट अशा चार पुड्या घेतल्यात. या भाषेत एकेका वाटीपाशी जावं लागत नाही, म्हणालात. चार पुड्या अख्ख्या तक्त्याला द्यायच्या, त्या आपोआप प्रत्येक ओळीत आडव्या पसरतात. पहिल्या वाटीला मीठ, दुसरीला साखर. तीनच पुड्या दिल्या तर संगणक अडून बसेल, कारण चार वाट्यांना तीन पुरत नाहीत. "पण त्याला फक्त संख्या जुळलेली कळते. मीठ कुठं पडलं ते कळत नाही. म्हणून आडवं की उभं, हे आधी तोंडानं म्हणायचं, मग कीबोर्डला हात लावायचा." काकू मागून म्हणाल्या, एवढ्या वाट्या विसळणार कोण, ते पण तोंडानं म्हणा. तुम्ही हसलात आणि सगळ्या वाट्या स्वतः विसळल्यात. मी आजही तक्ता उघडला की पुटपुटते, आडवं की उभं. ऑफिसातली पोरं हसतात.

आणि हाच नियम तुम्ही मोडलात.

आपल्या तक्त्यात प्रत्येक प्रेसची एक आडवी ओळ होती आणि सोमवारपासून रविवारपर्यंत प्रत्येक वाराचा एक उभा रकाना. प्रत्येक प्रेसच्या सेन्सरची चूक वेगळी. बाकीचे एखाददोन अंशांनी चुकायचे, चार नंबरचा मात्र वीस अंश कमी दाखवायचा, म्हणून त्या ओळीत वीस मिळवायला लागायचे. प्रेस सहा होते तोवर संगणक दर आठवड्याला अडायचा, सहा दुरुस्त्या सात वारांवर कशा पसरणार? तुम्ही कुरकुरत तक्ता फिरवून, म्हणजे ओळींचे रकाने करून, घ्यायचात आणि मग बेरीज बरोबर यायची. मग सातवा प्रेस आला. सात प्रेस, सात वार. संगणक अडायचा थांबला आणि तुम्ही तक्ता फिरवायचे थांबलात. "बघ, गेली कटकट," असं म्हणाला होतात.

त्या आठवड्यापासून चार नंबरच्या प्रेसचे वीस अंश चौथ्या वाराला, गुरुवारला चिकटले. दर गुरुवारी सगळे प्रेस कागदावर तापलेले दिसायला लागले. मजुरांनी त्याची थट्टा केली, मशिनीचा गुरुवारचा उपवास असतो, म्हणून डोकं तापतं. तुम्ही त्यालाही कारण शोधलंत, गुरुवारी व्होल्टेज चढतं म्हणालात, आणि आम्ही ते लिहून घेतलं. मामा मात्र दोनदा येऊन सांगून गेले की चार नंबर लई तापतंय, गुरुवारचं नाय, रोजचंच. तुम्ही त्यांच्यापुढं कागद धरलात. गुरुवार सोडला तर चारची ओळ हद्दीच्या आत होती. अंदाजावर कारखाना चालत नाही, असं तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत सुनावलंत. मामा टोपी हातात घेऊन परत गेले. पुढच्याच आठवड्यात साचा उघडताना आतलं जळकं रबर फुटून त्यांच्या हातावर उडालं.

तुम्ही अहवालात लिहिलंत की कामगाराने साचा वेळेआधी उघडला.

तिसऱ्या दिवशी मी तो तक्ता फिरवून पाहिला. गुरुवार थंड झाला आणि चारची ओळ सलग पाच आठवडे हद्दीच्या वर गेली. कागद घेऊन मी तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही चष्मा काढलात, चारच्या ओळीवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "आता सांगून काय होणार? हात बरा होणार आहे का?" त्या वाक्याची मला अजून चीड येते. हात बरा झाला नसता, पण माणूस स्वतःला दोषी मानत जगला नसता. मामांना कामावरून कमी केलं, तेव्हा तुम्ही दवाखान्यात मोसंबी घेऊन गेलात. त्या मोसंब्यांबद्दल ते आजही तुमचे उपकार मानतात.

तुम्ही मला गप्प केलंत, असं मी घरी सांगत आलेय. नवऱ्याला, बहिणीला, इतकी वर्षं. पण ते तसं झालं नव्हतं. त्या वाक्यानंतर तुम्ही एक कोरा कागद माझ्याकडे सरकवलात आणि खाली बघत म्हणालात, "लिहायचं असेल तर लिही. मी सही करीन." तुमच्या खिशात पेन होतं, सर. तुम्ही स्वतः का नाही लिहिलंत, हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. पण मला नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरले होते, आणि मी तो कागद कोराच तुमच्या टेबलावर ठेवून बाहेर आले.

हे पत्र खरं तर मामांना लिहायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.