लोण्यातल्या मुळीबद्दल धाकट्या भावास

चि. ठोंब्यास ताईचे अनेक आशीर्वाद. ते घेऊन झाले की खालचा मजकूर बसून वाचावा.

प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, ते तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं. (तिच्यावर चिडू नकोस. तिने लपवलेलं मी तिच्या आवाजावरून ओळखलं.) यकृतातली गाठ कॅन्सरची असली तरी लहान आहे, आत्ता कापून काढता येईल, असं सर्जन सांगतात. आणि तू शस्त्रक्रियेची तारीख रद्द करून रोज सकाळी कसलीशी पिवळी मुळी लोण्यात खलून खातो आहेस. का, तर तुझी भाची, म्हणजे माझी लेक, प्रयोगशाळेत तेच करते.

यात थोडा दोष माझा. तिचं काम मीच तुला समजावलं होतं. मुळीतलं द्रव्य कॅन्सरच्या पेशी मारतं, पण पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून गेलं तर वाटेतच संपतं. म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरायचं आणि सुईने रक्तात सोडून यकृतापर्यंत पोचवायचं. त्या कणांना लिपिड नॅनोपार्टिकल म्हणतात. एवढ्या सगळ्यातून तू ‘स्निग्ध’ तेवढं उचललंस. शाळेतले धडेही तू असेच वाचायचास.

मंगळवारी तुझ्या त्या लोण्यातल्या गोळ्याची बरणी तुझ्या बायकोकडून घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. लेकीने मला पांढरा कोट घातला, स्टुलावर बसवलं आणि बजावलं, “आई, कशालाही हात लावायचा नाही.” मग ती बरणी घेऊन आतल्या यंत्राकडे गेली. (मी गप्प बसू शकते, पण पसारा बघत बसू शकत नाही.) टेबलावर सतरा छोट्या बाटल्या होत्या, प्रत्येकीत पिवळट, दुधाळ पाणी. मला वाटलं, विसळायच्या राहिल्यात. सगळ्या बेसिनमध्ये ओतल्या, साबणाने घासल्या आणि फडक्यावर पालथ्या घातल्या. ते बारा दिवसांचं काम होतं.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. एक बाटली उजेडात धरून ती म्हणाली, “निदान स्वच्छ तरी घासल्यास.” पुढचे तीन दिवस मी प्रायश्चित्त म्हणून तिथली काचेची भांडी धुतली. शुक्रवारी तिच्या साहेबांनी विचारलं, सोमवारी येणार ना?

तुझ्या गोळ्याचा निकाल असा. प्रयोगशाळेतले कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे. तुझी मुळी मला चष्म्याशिवाय दिसली. शिवाय असलं काही मनाने खाल्लं तर यकृतालाच इजा होऊ शकते. आणि त्यांचं औषध अजून फक्त उंदरांना दिलं आहे. काहींच्या गाठी आकसल्या, काहींच्या नाहीत. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील हे साहेब सांगत नाहीत, कारण ते प्रामाणिक आहेत. लेकीचा निरोप जसाच्या तसा देते: “मामाला म्हणावं, मी औषध करतेच आहे, पण ते होईपर्यंत मामा नको का शिल्लक? आधी कापून ये.”

आणखी लिहीत नाही. लांबलं की तू शेवट वाचत नाहीस.

तुझी,
ताई

ता. क. सर्जनना भेटून येत्या गुरुवारची तारीख घेतली आहे. फॉर्मवर मीच सही करत होते, पण कारकून म्हणाला, रुग्णाचीच लागते. तेवढी तू कर.

आणखी एक ता. क. बरणी हे निमित्त होतं. मी तुझ्यासाठी त्यांच्या औषधाची एक बाटली मागायला गेले होते. कोट घालताना लेकीला हळूच म्हटलं, थोडंसं दे, कुणाला कळणार नाही. तिने माझी बटणं लावता लावता नुसती नकारार्थी मान हलवली. म्हणजे घाबरल्यावर आपण दोघं सारखीच मूर्ख बनतो. फरक इतकाच, की ‘नाही’ म्हटल्यावर मी ऐकलं. तूही ऐक. गुरुवारी सकाळी सातला मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. तुला उपाशीपोटी यायचं आहे. मीही काही खाल्लेलं नसेल.