वायरमनचा शाप

रविवार, १ सप्टेंबर
मनुष्यजातीच्या अधोगतीचा आणखी एक पुरावा : चर्चमधल्या वाचनपीठावरचा माइक आज पुन्हा चार बोटे पुढे सरकवलेला. बावीस वर्षे मी उपासनेत बायबलमधून शास्त्रवाचन करतो आहे. तोंड आणि माइक यांच्यात एक वीत अंतर हवे, हा माझा दंडक. आज नाक आपटले.
माइक-स्पीकर सांभाळणाऱ्या वायरमनला उपासनेनंतर चारचौघांत सुनावले, की हे वाचनपीठ आहे, आइसक्रीमचे दुकान नव्हे. मी वाचतो, चाटत नाही. तर म्हणतो कसा, सर, एकदा तुमचा आवाज बसू दे, म्हणजे देवालाही जरा शांतता मिळेल! लोक हसले. पाळकसुद्धा हसले. मी मोजले : दोनदा.

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ६
आवाज बसला. साफ. बायकोकडे चहा मागितला, तर खिडकी करकरली असे वाटून तिने उठून खिडकी लावली.
म्हणजे शाप! तोही गद्यात. मी तीस वर्षे संस्कृत शिकवले. जुने ऋषी शाप देत, पण निदान छंदात देत, आणि पाया पडले की उःशापाची सोय असे. वायरमनकडे दोन्ही नाही.
बायको म्हणते, अहो, काल कुठला बसलाय? उन्हाळ्यापासून घोगरा आहे, कितीदा सांगितलं. घशाच्या डॉक्टरांचे नाव नि नंबर लिहून चिठ्ठी हातात दिली. तिला आत्मिक जगाची जाण कमी. कागद मात्र जाड आहे. शास्त्रात खूण म्हणून घातला.
संकल्प : सूड. ख्रिस्ती पद्धतीने, पण सूडच.

बुधवार, ४ सप्टेंबर
पाळकांकडे गेलो. सगळे कुजबुजत सांगितले. त्यांना वाटले पापकबुली चालली आहे. दार लावून घेतले. मग म्हणाले, अहो सर, आपल्यावरचा शाप प्रभूने केव्हाच स्वतःवर घेतलाय, भ्यायचं कशाला? तरी माझा आग्रह पाहून प्रार्थनेआधी भरायचा एक कागद दिला. प्रश्न : घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काही? वडिलांना काही? लिहिले : 'काही नाही.' खाली रेघ ओढली. शेवटचा प्रश्न : कोणाला क्षमा करायची आहे? लिहिले : 'विचाराधीन.'
कपाळाला तेल लावून प्रार्थना झाली. शिवाय रोज सकाळी बायबलात सांगितलेली देवाची शस्त्रसामग्री, म्हणजे शिरस्त्राण, ढाल, तलवार, सत्याचा कमरपट्टा वगैरे, मनोमन अंगावर चढवावी, असा सल्ला.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
शिरस्त्राण उत्तम बसले. ढाल उत्तम, तोंड वायरमनच्या घराकडे. तलवार जरा जास्तच आवडली. सत्याचा कमरपट्टा मात्र लागेना. पोट आड येते. उद्या पाहू.
घरातल्या चौकटींना, कड्यांना तेल लावले. बायकोचा हात कडीवरून सटकत राहिला आणि ती पाऊण तास बाथरूममध्ये अडकली. आतून हाका मारत होती, मी बाहेरून 'आलो, आलो' म्हणत होतो, पण ते मलाच ऐकू येत होते. हाही अपराध वायरमनचाच.

रविवार, ८ सप्टेंबर
माझ्या जागी शिंपीणबाईंनी वाचले. बस सुटत असल्यासारखे.
शत्रूला खाऊ घातले की त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातात, असे शास्त्र आहे. वायरमनला केक नेऊन दिला आणि निखाऱ्यांची वाट पाहत उभा राहिलो. तीन तुकडे खाल्ले. मग टाळू खाजवली. आशा वाटली. कोंडा निघाला.
वर विचारतो, सर, डॉक्टरकडे गेलात का? ढोंगी!

बुधवार, ११ सप्टेंबर
मिठाच्या गुळण्या. केवळ बायकोच्या समाधानासाठी. दिवसातून सहा वेळा.
कमरपट्टा : अजून नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर. दुपार
कळले, की उद्या उपासनेत वायरमन साक्ष देणार आहे, म्हणजे देवाने त्याच्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगणार आहे. माझ्या पीठावरून! ठरले. चर्चची एक किल्ली माझ्याकडे असते. आत्ताच जाऊन त्याच्या यंत्राची सगळी बटणे पिरगाळून ठेवतो. उद्या तोंड उघडले की डुकराचे पिल्लू किंचाळल्यासारखा आवाज. आवाज-बसव्याला आवाजानेच दंड. काव्यात्म न्याय.

शनिवार, सायंकाळी ५
गेलो. मागच्या कोपऱ्यात यंत्र. प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी, तिच्यावर त्याचे गिचमिड अक्षर. 'पाळक – ३.' 'बाई – ४.' माझ्या बटणाखाली एकाखाली एक चार पट्ट्या.
'सर – एप्रिल – ४.'
'जून – ५.'
'जुलै – साडेसहा.'
'ऑगस्ट – ९. माइक चार बोटे पुढे. सरांना सांगू नये, वाईट वाटेल.'
बटणावर दहाच्या पुढे आकडा नाही.
शाप एक सप्टेंबरचा. कालगणनेत काही चूक असेल, या आशेने पट्ट्या तीनदा वाचल्या. नाही. बटणे न हलवता परत आलो.

रविवार, २२ सप्टेंबर
वायरमनने साक्ष दिली. शेवटी म्हणाला, सरांना मी गमतीत नको ते बोललो, आठवलं की जेवण जात नाही. सगळ्यांनी सरांसाठी प्रार्थना करा. सगळी डोकी खाली गेली. माझेही.
शाप असता तर बरे झाले असते. शापाला देणारा असतो. त्याच्यावर दात ओठ खाता येतात, त्याला केक नेता येतो.
पाळकांच्या कागदावर मी खोटे लिहिले. वडिलांचा आवाजही असाच बसला होता, उन्हाळ्यात. तेही म्हणायचे, सर्दी आहे. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.
चिठ्ठी शास्त्रातून काढली. फोन बायकोने केला, कारण माझे बोलणे पलीकडे ऐकू गेले नसते. उद्या अकरा वाजता. ती बरोबर येणार आहे.
मला भीती वाटते.