आक्काचा मुराळी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१४ ऑगस्ट १९९६

ती. सौ. आक्का हिला संयोगिताचा सा. न. वि. वि.

आप्पांचा पाय अजून प्लास्टरात हाय. पंचमीला तुला आणायला कोण जाणार म्हणून मी आकाराम काकांकडं गेलतो. पण त्यांच्या सोप्यात पावणं बसलेलं दिसलं आणि दारातनंच माघारी आलो. मग आप्पांनी निरोप धाडला. काका म्हणाले, म्हशी सोडून मुक्काम हुईत न्हाय. आप्पा म्हणाले, औंदा ऱ्हाऊ दे.

माहेरचं माणूस मुराळी म्हणून न्यायला आल्याबिगर तुझ्या सासूबाई तुला धाडत न्हाईत, ठाऊक हाय मला. मीच आलो असतो. पण कंडक्टर पुढं येऊन उभारला की माझ्या तोंडातनं गावाचं नाव निघत न्हाय. बाईंनी धडा वाचायला उभं केलं म्हणून नववीतनं शाळा सोडलेली मी. आता साड्यांना फॉल लावतो. साडी काय विचारत न्हाय.

एक केलंय, हसू नगं. आई पंचमीची कहाणी सांगायची न्हवं, जिला न्यायला कुणी न्हाय तिला नागोबाच माणूस होऊन माहेरी आणतो. काल रंकाळ्याच्या पल्याड वारुळाला गेलतो. आसपास कोण नव्हतं, म्हणून बोलाय आलं. दूध ठिवलं आणि म्हटलं, आमच्या आक्काला आणा. मुरगूडला स्टँडच्या मागं, गिरणीशेजारचं घर, दारात पेरू. सासूबाईंचं नाव अंबूबाई, मोठ्यानं बोलत्यात पण चावत न्हाईत. सगळं नीट सांगितलं.

तू येऊन वरीस झालं. घरात मी आणि आप्पा, दिवसाला दहा शब्द हुत्यात, त्यातले चार चहाचे.

माया हाय तेवढी ऱ्हाऊ दे, उरली तर हिकडं धाड.

तुझी
संयोगिता


मुरगूड
१९ ऑगस्ट, नागपंचमी

चि. संयोगिता हिला आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र न्हाय, आणि माणूस कुठला धाडलास गं?

काल माझा भावाचा उपास. भाऊ न्हाय तरी आई धरायला लावायची, ते सुटलं न्हाय. दुपारी एक उंच, सावळा माणूस दारात येऊन उभारला. आक्काला न्यायला आलोय, एवढंच म्हणाला. भाईर पाऊस धो धो, छत्री न्हाय, आणि अंगावर थेंब न्हाय. सासूबाईंनी खाट दाखवली तर भुईवरच बसला. चहा नको म्हणाला, दूध घेतलं. पापणी हलत नव्हती त्याची. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, बोलत न्हाय म्हंजे तुझ्याच घरचा असणार.

मी पिशवी भरली. नवी साडी, तुझ्यासाठी बांगड्या. मग सासूबाईंनी विचारलं, पावणं, तुम्हाला धाडलं कुणी. तो भुईकडं बघत बसला. तीनदा विचारलं. त्याला आमची गिरणी ठाऊक, पेरू ठाऊक, सासूबाईंचं नाव ठाऊक, पण धाडणाऱ्याचं नाव काय सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, असल्याबरोबर सून कशी धाडायची. त्यांचं तरी काय चुकलं. मीबी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. 

उठला आणि गेला. मागनं अंगणात बघितलं तर चिखलात पाऊल न्हाय. एक वळणावळणाची रेघ, दगडी गडग्यापर्यंत. घरातली माणसं म्हणाली, सायकल असंल. सायकल नव्हती त्याच्याकडं.

सगळ्या पोरी झोक्यावर हाईत आणि मी हे लिहितोय. पिशवी अजून सोडली न्हाय. कोण होता, कळव.

आठवण काढतीस तशी काढत जा.

तुझी
आक्का


मुरगूड
२१ ऑगस्ट

चि. संयोगिता हिला अनेक आशीर्वाद.

तुझं चौदा तारखेचं पत्र आज पोचलं. पंधरा ऑगस्टची सुट्टी, मग रविवार, मग पंचमी. सासूबाईंना वाचून दावलं. त्या उठल्या आणि अंगणाच्या कोपऱ्यात वाटीभर दूध ठिवून आल्या.

संयोगिता, एवढं सगळं सांगितलंस त्याला. तुझं नाव सांगितलं नव्हतंस काय?

आक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२५ ऑगस्ट

ती. सौ. आक्का हिला सा. न. वि. वि.

व्हय. न्हाय सांगितलं. वारुळापुढंसुद्धा मला माझं नाव घ्यायची लाज वाटली.

पंचमीला मी पुरणाची दिंडं उकडलेली. तीन ताटं मांडली. शेवटची एसटी येऊन गेल्यावर तिसरं ताट झाकून ठिवलं.

तुझं पत्र आल्यावर वारुळाला गेलतो. वाटी रिकामी, पालथी पडलेली. एवढ्या लांब धाडून तुम्हाला खाली मान घालायला लावली, म्हणून नागोबाची माफी मागितली. मग म्हटलं, मी संयोगिता. आवाज माझा मलाच आला न्हाय. परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तवा बांधावर गवत कापणारी बाई वळून बघाय लागली. मी पळालो न्हाय, तिथंच उभारलो.

आता गौरीला त्यांना परत त्रास देत न्हाय. मी येतो. पोरगी मुराळी म्हणून चालती का, सासूबाईंना विचार. न्हाय म्हणाल्या तरी येतो. रोज संध्याकाळी आप्पा खाटंवर बसून कंडक्टर हुत्यात आणि मी मुरगूड एक म्हणतो. आप्पा मुद्दाम ऐकू आलं न्हाय म्हणत्यात. घरातले शब्द जरा वाढल्यात.

पिशवी सोडू नगं. बांगड्या तिथंच ऱ्हाऊ देत, मीच येऊन घालतो. सासूबाईंनी दारात विचारू दे, तुला धाडलं कुणी. मी सांगीन, संयोगितानं.

तोवर मला जवळ धर.

तुझी
संयोगिता