दुसरी शिंक

मैलापूर, मद्रास
माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप सदाशिवदादांच्या चरणी सेतुरामाचा साष्टांग नमस्कार. वाईच्या थंडीत आपला गुडघा काय म्हणतो ते कळवावे (तो आपल्यापेक्षा नेमाने पंचांग पाळतो, हे जाणतो). इकडे सर्व क्षेम आहे. काल दुपारपर्यंत नव्हते.

आमचा शेजारी सिंगारवेलू आपणांस आठवेल. आपण रामेश्वरास आलात तेव्हा ज्याच्या नाटकात हसता हसता आपली पगडी मांडीवरून घरंगळली, तोच. पोरवयात मदुरेच्या कंपनीत शिरला आणि चाळीस वर्षे एका शिंकेवर जगला, तेही न आलेल्या. चिमूटभर तपकीर ओढायची, नाक फुगवायचे, डोळे मिटायचे, रंगमंचावरचा राजा मागे सरे, पुढच्या रांगेतली मंडळी उपरणी तोंडाशी धरत, आणि हा शांतपणे नाक पुसून म्हणे, "हं, तर काय सांगत होतो?" (भरतमुनींनी आठ रसांत याला जागा ठेवलेली नाही, चूक मुनींची.) बोलपटांतही तेच चालले. मग नवी पोरे आली, आणि तीन वर्षे त्याच्या दाराशी स्टुडिओची गाडी थांबली नाही.

अखेर स्टुडिओचे मालक अरुणाचलम चेट्टियार यांनी नव्या चित्रात आजोबाचे काम देऊ केले. अट एकच, मुहूर्ताला तपकीर नको. आरंभी एक शिंक म्हणजे घात आणि दोन म्हणजे शुभ, हे इथले तान्हे मूलही जाणते. चेट्टियारांचे मागचे चित्र एकट्या शिंकेने बुडाले म्हणतात (मी ते पाहिले आहे, शिंकेवर अन्याय होतो). "हा शिंकला, की याच्यासकट सगळं बंद," असे त्यांनी सर्वांदेखत बजावले. सिंगारवेलूच्या बायकोने, वळ्ळियम्माने, त्याचे खिसेच शिवून टाकले. मला नेले मंत्र म्हणायला, आणि त्याच्या नाकावर नजर ठेवायला.

कापूर पेटला, उदबत्त्यांचा धूर दाटला, तसे त्याचे नाक लाल होऊ लागले. वळ्ळियम्माने पदर मुठीत आवळला. मी मंत्र इतक्या घाईने म्हटला की गणपतीला धाप लागली असावी. शेवटी नारळ वर गेला आणि शिंक आली. चेट्टियारांना.

कोणी हलेना. सारे दुसरीची वाट पाहत होते. चेट्टियारांनी दिव्यांकडे टक लावली, रुमालाचे टोक नाकात घातले, येईना. त्यांनी नारळ खाली ठेवला. "दिवे घालवा."

तेव्हा सिंगारवेलू शिंकला. असा, की कॅमेऱ्याचा हार सुटून पडला.

चेट्टियार हळूच माझ्याकडे वळले. "सामी, दुसऱ्याच्या नाकाची चालते?"

वळ्ळियम्मा माझ्याकडेच पाहत होती. माझ्या तोंडून निघाले:

स्वामिनः प्रथमा क्षुत् स्याद् द्वितीया सेवकस्य चेत् ।
आरब्धं सिध्यति क्षिप्रं नात्र कार्या विचारणा ॥

(पहिली शिंक मालकाची, दुसरी सेवकाची, की काम फत्ते, उगाच विचार करू नये.) नारळ फुटला.

परतताना मी सिंगारवेलूला विचारले, तपकिरीवाचून जमले कसे?

"खोटी होती, सामी," तो म्हणाला. "खरी असती तर आवरली असती. जन्मभर तेवढंच तर केलं."

आपला आज्ञाधारक,
सेतुराम

ता. क. चेट्टियार तो श्लोक स्टुडिओच्या दारावर कोरणार आहेत, खाली ग्रंथाचे नाव हवे म्हणतात. ते मिळेपर्यंत चित्रीकरण अडले आहे, आणि सिंगारवेलूही. शेवटचा चरण पुराणांत हवा तिथे सापडतो. उरलेले तीन आपल्या पाठशाळेतल्या एखाद्या पोथीत शोधावेत (न सापडल्यास वाळवीने खाल्ले असे लिहून दिले तरी चालेल).

आणखी एक. पाकीट चिकटवायला घेतले तोच मला शिंक आली. सिंगारवेलू शेजारीच बसला होता. त्याने तत्काळ दुसरी दिली. तेव्हा आपणांस नाही म्हणायला शास्त्राधार उरलेला नाही.