उंदीरबंद रोषणाई

१० डिसेंबर
गेटपासून गच्चीपर्यंत दिव्यांची माळ लावली. एकट्याने. शिडी धरायला ही होती, पण ते काही काम नव्हे. वर्षअखेरच्या सुट्टीला लेक येते आहे, वीस तारखेला. सोबत जावई आणि दहा महिन्यांची नात. नातीला मी अजून फक्त फोनवर पाहिलंय, आणि तिने बहुतेक माझ्या नाकपुड्याच पाहिल्या आहेत. प्रत्यक्ष भेट दणक्यात व्हायला हवी. जावई म्हणत होते स्टेशनवरून टॅक्सी करू. मी म्हटलं, मी जिवंत आहे अजून. गाडी घेऊन मी स्वतः येणार.

११ डिसेंबर, सकाळी
अर्धी माळ बंद. तार जागोजागी कुरतडलेली. भिंतीवर लेंड्या. काळ्या, टोकदार, ताज्या. ताज्या आहेत हे कसं कळलं ते इथेही लिहिणार नाही. साबण अर्धा संपवला. हिने विचारलं काय झालं, मी सांगितलं व्होल्टेजचा प्रॉब्लेम.

११ डिसेंबर, संध्याकाळी
हिला लेंड्या दिसल्या. व्होल्टेज एवढं बारीक असतं का, असं विचारत होती.

१२ डिसेंबर
उगम सापडला. शेजारचे कर्नल. (सैन्यात कधीच नव्हते, पोस्टात होते. पण चालतात तसे.) त्यांच्याकडे ओल्या कचऱ्याचा ड्रम आहे, खत करतात म्हणे. जाऊन सभ्य शब्दांत सुनावलं. ते शांतपणे म्हणाले की ड्रमला घट्ट झाकण आहे, आणि उंदीर त्यांना रोज दिसतात ते आमच्या गॅरेजकडून येताना. माझ्या गॅरेजकडून! जे मी स्वतः झाडतो, दरवर्षी! सज्जन माणसाशी वाद घालू नये म्हणून परत आलो.

१३ डिसेंबर
बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघण्यात माझी उमर गेली. जिभेला काय नको असतं ते मला कोणी शिकवू नये. लाल तिखट शेंगदाण्याच्या तेलात कालवून सगळ्या तारेला लावलं. ही म्हणाली, माळ आत खिडकीला लावू या, आतून छान दिसेल. मी म्हटलं, म्हणजे उंदरांपुढे माघार घ्यायची?
डावा डोळा चोळला गेला. आता बंद आहे.

१४ डिसेंबर
तार चाटून लख्ख केली आहे. तेलाचा थेंब नाही. वर नवीन दातांच्या खुणा. एक बल्ब समूळ नाहीसा. खाल्ला असेल तर पुढे काय झालं असेल या विचाराने दिवसभर मळमळतंय.
निष्कर्ष: तिखट कमी पडलं. तेलाचा काही संबंध नाही.

१५ डिसेंबर
उंदीर पकडायचे चिकट पुठ्ठे आणले. भिंतीवर ओळीने मांडले. आता बघू.

१६ डिसेंबर
सकाळपर्यंतची आवक: माझी एक चप्पल, बराच पालापाचोळा, कर्नलच्या मांजराच्या शेपटीचे केस. मांजर स्वतः निघून गेलं आणि आता आमच्या बाजूला फिरकत नाही. तेवढाच त्रास कमी. उंदीर पकडायला मांजर ठेवणं ही जुनाट पद्धत आहे.

१६ डिसेंबर, दुपारी
एक सापडला. जिवंत. पुठ्ठ्यावर पोट चिकटलेलं, ओलं, धपापत होतं. शेपटी उघडी, गुलाबी, किड्यासारखी हलत होती. आणि तो माझ्याकडे बघत होता. मी आत येऊन सोफ्यावर पडलो. हिने तेल ओतून त्याला सोडवला आणि लांब मैदानात सोडून आली. मग तेच हात (धुऊन, पण तेच) घेऊन जेवायला वाढलं. मी उपास असल्याचं सांगितलं.
पुठ्ठे बंद. कारण तत्त्वाचं आहे, किळसेचं नाही.

१७ डिसेंबर
अखेरचा तोडगा. जुनी माळ गॅरेजमध्ये टाकली. नवीन माळ, सगळी तार लोखंडी पाइपातून, बल्बवर बारीक जाळी. स्वतः बसवली. बोटं सोलली. हिने फोनवर कुठेतरी वाचलं की उंदरांचे दात सारखे वाढतात, त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं, इथे जमलं नाही तर दुसरीकडे जातील. मी म्हटलं, जाऊ देत की. कर्नल आहेतच.

१८ डिसेंबर
एकही खूण नाही. विजय. कर्नल गेटशी उभे राहून म्हणाले, दिव्यांना जन्मठेप झाल्यासारखं वाटतंय. जळतात लोक.

१९ डिसेंबर
आजही सगळं शाबूत. भिंत स्वच्छ. पोटभर जेवलो. गॅरेजमधून उग्र वास येतोय, पण आत शिरलो नाही. पेट्रोलचा असणार. उद्या गाडी बाहेर काढली की जाईल.

२० डिसेंबर, दुपारी
गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली, टक् असा आवाज, मग तोही नाही. बॉनेट उघडलं. आत घरटं. कापूस, फोम, माझी पूर्वीची माळ, सगळं मऊसूत कातरून गादी केलेली. त्यावर पिल्लं. बिनकेसांची, डोळे मिटलेली, एकमेकांवर वळवळणारी. आजूबाजूला इंजिनाच्या वायरी पार सोललेल्या. मुताचा वास असा आला की डोळ्यांत पाणी आलं. पिल्लांची आई माझ्या बाहीवरून उडी मारून पळाली. मी शेजारच्या कुंडीत ओकलो.
लेकीची रेल्वे यायला अर्धा तास. टॅक्सी मिळेना. मी बॉनेटमध्ये हात घालून वायरी जोडायला बघत होतो. सगळे हात, शर्ट, मानसुद्धा बरबटली. तेवढ्यात ही कर्नलना घेऊन आली. ड्रमचा विषय त्यांनी काढला नाही. नुसतं म्हणाले, "तुम्ही राहू द्या. मी आणतो पोरीला."
त्यांच्या गाडीत येणारी मंडळी, सामान आणि बाळाची खुर्ची धरून आणखी एकालाच जागा होती. ही गेली.

२० डिसेंबर, संध्याकाळी
कर्नलची गाडी गेटशी थांबेपर्यंत मी वायरींशीच झटत होतो; थांबली तशी माळ सुरू केली. एकूण एक दिवा पेटला. पाइपाला ओरखडा नाही. नातीने मान वर केली, जाळीतून उघडझाप करणारे दिवे बघितले, ओठ काढले आणि किंचाळायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, बंद करा ना ते, घाबरतेय ती."
बंद केले. नात कर्नलच्या खांद्यावर होती, तिथेच शांत झाली. त्यांची टोपी ओढत होती. मी दोन्ही हात पुढे केले. लेकीने नाक मुरडलं, दोन पावलं मागे झाली आणि हळूच विचारलं, "बाबा, आधी अंघोळ करून येता का?"
गेलो. चोळचोळून केली. वास जाईना म्हणून पुन्हा केली.
बाहेर आलो तेव्हा नात झोपली होती. उठवायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद आहे.